क्लाउडवरच्या डेटाबेसचा मेंटेनन्स डाउनटाइम: नव्याने जबाबदारी आलेल्यांसाठी

मी आधी ज्या टीममध्ये होतो तिथे दूध संकलनाचं सॉफ्टवेअर होतं. गावातल्या केंद्रावर शेतकरी दूध घालतो, वजन होतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) निघतं, पावती मिळते आणि ही सगळी नोंद ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडच्या मुंबई रीजनमधल्या आरडीएस पोस्टग्रेसमध्ये (आरडीएस ही त्यांची मॅनेज्ड डेटाबेस सेवा, पोस्टग्रेस हा डेटाबेस) जाऊन बसते. एका शनिवारी पहाटे साडेपाचला नोंदीच पडेनात. बाहेर किटल्या घेऊन रांग लागलेली, केंद्राचे सचिव फोनवर फोन करतायत आणि आम्ही सगळे झोपेत. उठून बघितलं तर डेटाबेस मेंटेनन्समध्ये. ज्याने मेंटेनन्सची विंडो (ठरवून दिलेली वेळ) लावली होती त्याने "शनिवार ००:०० ते ००:३०" असं भरलं होतं, मध्यरात्र म्हणून. पण तिथली वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते, आणि यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, बरोब्बर संकलनाच्या गर्दीची वेळ.

डेटाबेस स्वतः दहा-बारा मिनिटांत परत आला होता, पण आमचं ॲप्लिकेशन पुढचा जवळपास तासभर उठलं नाही. त्याचं कारण खाली सांगतो. त्यात काही ऑपरेटरनी पावती येत नाही म्हणून बटण दोनदा-तीनदा दाबलं, आणि नंतर डबल नोंदी काढत आम्ही दोन दिवस बसलो, कारण एक नोंद चुकली तर कोणाच्या तरी दहा दिवसांच्या बिलात फरक पडतो. चूक पूर्णपणे आमची होती. तेव्हापासून जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय. उदाहरणं आरडीएसची आहेत कारण माझा हात त्यावर बसलेला आहे, गूगल आणि अझूरचं जिथे वेगळं आहे तिथे सांगेन.

आधी हे समजून घ्या की मेंटेनन्समध्ये नेमकं होतं काय

मॅनेज्ड डेटाबेस घेतला म्हणजे पॅचिंगची काळजी गेली असं नवीन माणसाला वाटतं. पॅच लावायचं काम गेलं, पण पॅच लागताना जो खंड पडतो तो तुमच्याच वाट्याला असतो. कामं साधारण चार प्रकारची असतात. एक, ऑपरेटिंग सिस्टिमचे पॅच आणि खालचं हार्डवेअर बदलणं. दोन, मायनर व्हर्जन, म्हणजे पोस्टग्रेस १५.४ वरून १५.५ वगैरे. पोस्टग्रेसचे मायनर रिलीज ठरल्याप्रमाणे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरमध्ये येतात, त्यामुळे त्यानंतरच्या आठवड्यांत सावध राहायचं. तीन, मेजर व्हर्जन, १३ वरून १६ वगैरे, हे सगळ्यात जड काम. चार, डेटाबेसशी सुरक्षित जोडणीसाठी लागणारं सर्टिफिकेट बदलणं. आरडीएसचं २०१९ चं सीए सर्टिफिकेट २२ ऑगस्ट २०२४ ला संपलं, तेव्हा ज्यांच्या ॲपमध्ये जुनंच सर्टिफिकेट घट्ट बसवलेलं होतं त्यांना डेटाबेसबरोबर ॲपही बदलावं लागलं. या चौथ्या प्रकाराकडे लोक फार दुर्लक्ष करतात.

पायरी १: आपल्याकडे काय आहे ते कागदावर उतरवा

कन्सोल उघडा आणि प्रत्येक डेटाबेससमोर लिहा: इंजिन आणि व्हर्जन, सिंगल-एझेड की मल्टी-एझेड (एकाच डेटासेंटर झोनमध्ये की एकाहून जास्त), मेंटेनन्स विंडो, बॅकअप विंडो, बॅकअप किती दिवस ठेवतो, ऑटो मायनर व्हर्जन अपग्रेड चालू की बंद, रीड रेप्लिका (फक्त वाचण्यासाठीच्या प्रती) किती, आणि "पेंडिंग मेंटेनन्स"मध्ये काही दिसतंय का. अर्ध्या तासाचं काम आहे. आम्ही हे केलं तेव्हा तीन डेटाबेसच्या विंडो कोणी निवडलेल्याच नव्हत्या. तुम्ही निवडली नाही तर आरडीएस त्या रीजनसाठी ठरलेल्या ८ तासांच्या पट्ट्यातून ३० मिनिटांची विंडो स्वतः उचलतं आणि आठवड्याचा वारही स्वतःच ठरवतं.

स्टेजिंगचा (चाचणीचा) डेटाबेस पैसे वाचवायला बंद करून ठेवत असाल तर तो ७ दिवसांनी आपोआप चालू होतो, मेंटेनन्स चुकू नये म्हणूनच. बिल का वाढलं म्हणून शोधत बसू नका.

पायरी २: वेळ निवडा, आणि रात्रच निवडायची असं धरून चालू नका

मागच्या चार आठवड्यांचे ग्राफ काढा, कनेक्शन आणि लिहिण्याचा लोड दोन्ही, तासातासाप्रमाणे. मग ग्राफ बाजूला ठेवून वापरणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो ते विचारा, कारण ग्राफमध्ये दोनच नोंदी दिसतात पण त्या दोन नोंदी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीच्या असू शकतात. दुधाचं बघा: पहाटे ५ ते ८ गर्दी, संध्याकाळी ५ ते ८ गर्दी. रात्री ११ नंतर शांत, पण रात्री बॅच जॉब चालतात आणि टीम झोपलेली असते. दुपारी १२ ते ४ केंद्रं बंद असतात, सचिव जेवायला घरी गेलेले असतात, आणि आमची पूर्ण टीम ऑफिसमध्ये जागी, चहा पिऊन ताजीतवानी असते! आम्ही शेवटी बुधवार दुपारी दीडची विंडो लावली. भर दुपारी प्रॉडक्शन (खरा चालू डेटाबेस) खाली घ्यायचं म्हटल्यावर मॅनेजर आधी तयार होईनात, ग्राफ आणि केंद्राच्या वेळा समोर ठेवल्यावर तयार झाले. वार बुधवार यासाठी की काही बिघडलं तर गुरुवार-शुक्रवार हातात राहतात.

पण दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं, त्यामुळे १, ११ आणि २१ तारखेला बुधवार आला तर त्या आठवड्यापुरती विंडो आम्ही सरकवतो. तुमच्या धंद्यातल्या अशा तारखा आधी शोधा. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर असेल तर जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी ची २० तारीख, कॉलेजचं असेल तर प्रवेशाच्या याद्या, पगाराचं असेल तर महिनाअखेर.

आता यूटीसीचा हिशोब. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करा. दुपारी १:३० म्हणजे यूटीसी ०८:००, हे सोपं. पण रविवारी पहाटे २:०० हवे असतील तर यूटीसीमध्ये ते शनिवार २०:३० होतात, म्हणजे वारच बदलतो, आणि चूक नेमकी इथेच होते. विंडो भरल्यावर दुसऱ्या माणसाकडून उलटा हिशोब करून घ्या, स्वतःचं स्वतः तपासू नका.

आणखी दोन गोष्टी. विंडो ३० मिनिटांची असली तरी काम कधी सुरू होईल एवढंच ती सांगते, संपेल कधी ते नाही, मोठं अपग्रेड असेल तर ते विंडोच्या बाहेर जातं. आणि बॅकअपची विंडो मेंटेनन्सच्या विंडोवर येऊ शकत नाही, म्हणून एक सरकवताना दुसरीही बघावी लागते.

गूगल क्लाउड एसक्यूएलमध्ये विंडो एक तासाची असते, आणि "या काळात मेंटेनन्स नको" असा ९० दिवसांपर्यंतचा काळ सांगता येतो, सणासुदीच्या विक्रीसाठी फार उपयोगी. अझूरच्या पोस्टग्रेस फ्लेक्झिबल सर्व्हरमध्ये तुम्ही काही ठरवलं नाही तर रीजनच्या वेळेप्रमाणे रात्री ११ ते सकाळी ७ मध्ये कधीतरी होतं. त्यांचं सेंट्रल इंडिया रीजन पुण्यातच आहे, म्हणजे ते आपलेच रात्रीचे ११, पण दूधवाल्यांना सकाळचे ७ चालणार नाहीत.

पायरी ३: सूचना योग्य माणसापर्यंत पोहोचवा

मेंटेनन्सचे मेल बहुतेक वेळा अकाउंट उघडणाऱ्याच्या पत्त्यावर जातात, आणि तो माणूस कधीच दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. आरडीएसमध्ये इव्हेंट सबस्क्रिप्शन करा, ते एसएनएसमार्फत (एडब्ल्यूएसची सूचना पाठवायची सेवा) टीमच्या ग्रुप मेलवर आणि चॅटवर सोडा, कोणा एकाच्या वैयक्तिक मेलवर नको. शिवाय दर सोमवारी एकाने पेंडिंग मेंटेनन्सची यादी डोळ्यांनी बघायची, पाच मिनिटं लागतात.

तिथे काही दिसलं तर पर्याय असतात: आत्ता लावा, पुढच्या विंडोत लावा, किंवा पुढे ढकला. काही कामं "रिक्वायर्ड" म्हणून येतात आणि त्यांना तारीख असते, ती कायमची टाळता येत नाहीत. ऑटो मायनर अपग्रेड बंद केलं म्हणजे सुटलो असंही नाही. माझं मत विचाराल तर स्टेजिंगवर ते चालू ठेवा आणि प्रॉडक्शनवर बंद ठेवून स्वतः वेळेवर करा, पण "स्वतः वेळेवर" हे खरंच होणार असेल तरच. टीममध्ये एकच माणूस असेल तर चालू ठेवलेलं बरं.

"अप्लाय इमिजिएटली" या चौकोनाबद्दल वेगळं सांगतो. तुम्ही सेटिंग बदलताना तो निवडला की आधीपासून रांगेत असलेले बाकीचे बदलही त्याच वेळी लागतात. साधा बदल करायला गेलात आणि मागच्या आठवड्यात पुढे ढकललेला इन्स्टन्सचा साइज बदल त्याच क्षणी सुरू झाला, भर गर्दीत, असं होऊ शकतं. निवडण्याआधी रांगेत काय आहे ते बघा.

पायरी ४: खंड कमी कसा करायचा

मल्टी-एझेड घेतलं की दुसऱ्या झोनमध्ये स्टँडबाय, म्हणजे राखीव डेटाबेस, तयार असतो. ऑपरेटिंग सिस्टिमचा पॅच आधी स्टँडबायला लागतो, मग फेलओव्हर होऊन, म्हणजे काम स्टँडबायकडे जाऊन, तो प्रायमरी (मुख्य) बनतो, मग जुन्याला पॅच लागतो. खंड पडतो तो फेलओव्हरपुरता, साधारण ६० ते १२० सेकंद. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण डेटाबेस इंजिनचं व्हर्जन अपग्रेड असेल तर प्रायमरी आणि स्टँडबाय दोन्ही एकदमच अपग्रेड होतात, आणि तेवढा वेळ डेटाबेस बंद राहतो. मल्टी-एझेड आहे म्हणून क्लायंटला "शून्य डाउनटाइम" सांगून बसू नका.

मेजर अपग्रेडसाठी ब्लू/ग्रीन डिप्लॉयमेंट वापरा. आरडीएसमध्ये मायएसक्यूएलसाठी हे २०२२ च्या शेवटी आलं, पोस्टग्रेससाठी २०२३ मध्ये. चालू डेटाबेस ब्लू, त्याची सतत अपडेट होणारी प्रत ग्रीन, अपग्रेड ग्रीनवर करायचं, निवांत तपासायचं आणि मग स्विचओव्हर, जो बहुतेक वेळा मिनिटाच्या आत होतो आणि एंडपॉइंटचं (ॲप ज्या पत्त्यावर जोडतं त्याचं) नावही तेच राहतं. ठरलेल्या वेळेत स्विचओव्हर पूर्ण झाला नाही तर तो आपोआप मागे घेतला जातो, ही वेळ डिफॉल्टला ३०० सेकंद असते. तेवढे दिवस खर्च दोन डेटाबेसचा येतो. पोस्टग्रेसमध्ये मेजर व्हर्जनसाठी हे लॉजिकल रेप्लिकेशनवर (बदललेल्या ओळी पलीकडे पाठवत राहणं) चालतं, म्हणून प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) नसलेली टेबलं आधी शोधून दुरुस्त करा आणि त्या काळात टेबलाची रचना बदलू नका, ते बदल पलीकडे जात नाहीत.

पायरी ५: ॲप्लिकेशनला पडून उठायला शिकवा

सगळ्यात जास्त फायदा मला इथे दिसला. त्या शनिवारी डेटाबेस बारा मिनिटांत आला आणि ॲप तासभर का उठलं नाही? आमचा कनेक्शन पूल (उघडी कनेक्शनं साठवून ॲपला वाटणारा भाग) मेलेली कनेक्शनं तशीच धरून बसला होता आणि मागणाऱ्याला तीच देत होता. कनेक्शन देण्याआधी जिवंत आहे का ते तपासायची सेटिंग बंद होती, एका ओळीचं काम. आधी ती तपासा.

दुसरं, टाइमआउट. पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरमध्ये सॉकेट टाइमआउट डिफॉल्टला शून्य असतो, म्हणजे उत्तर येईपर्यंत कितीही वेळ थांब. फेलओव्हरमध्ये समोरचा सर्व्हर न सांगता गायब होतो, आणि तुमचे थ्रेड मग वाट बघत अडकतात. तुमच्या सगळ्यात लांब क्वेरीपेक्षा थोडा जास्त असा आकडा ठरवून टाका.

तिसरं, डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधणं. फेलओव्हरनंतर एंडपॉइंटचं नाव तेच राहतं पण मागचा आयपी बदलतो, आणि ॲपने जुना आयपी लक्षात ठेवला असेल तर ते मेलेल्या दारावर टकटक करत राहतं. जावामध्ये डीएनएस कॅशची मुदत ६० सेकंदांच्या आत ठेवा, आणि कॉन्फिगमध्ये आयपी तर कधीच लिहू नका.

चौथं, पुन्हा प्रयत्न. कनेक्शन तुटलं तर १ सेकंदाने, मग २, मग ४ असं थांबत प्रयत्न करायचा, आणि त्यात थोडी कमी-जास्त वेळ मिसळायची. नाहीतर डेटाबेस उठतो न उठतो तोच सगळी केंद्रं एकाच सेकंदाला त्याच्यावर तुटून पडतात. पण हे करण्याआधी डबल नोंदीचा बंदोबस्त हवा. आम्ही प्रत्येक पावतीला केंद्रावरच एक युनिक नंबर द्यायला लागलो आणि डेटाबेसमध्ये त्यावर युनिक कन्स्ट्रेंट (तोच नंबर दुसऱ्यांदा न घेण्याचा नियम) लावला, आता बटण दहा वेळा दाबलं तरी नोंद एकच पडते. पैशाचा व्यवहार असेल तिथे हे आधी, रीट्राय नंतर.

पीजीबाउन्सर (पोस्टग्रेससाठीचा वेगळा कनेक्शन पूल) वापरत असाल तर त्यात पॉज आणि रिझ्यूम अशा कमांड आहेत, छोट्या खंडात येणाऱ्या क्वेरी रांगेत थांबतात, एरर न येता फक्त उशीर होतो.

पायरी ६: रंगीत तालीम

प्रॉडक्शनचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण प्रत) घ्या, त्यातून वेगळा डेटाबेस उभा करा, त्यावर अपग्रेड चालवा आणि घड्याळ लावून वेळ मोजा. एक लक्षात ठेवा, स्नॅपशॉटमधून आलेला डेटाबेस सुरुवातीला हळू चालतो कारण डेटा मागणीप्रमाणे मागून येत असतो, त्यामुळे पहिल्याच क्वेरीच्या वेळेवरून निष्कर्ष काढू नका. पोस्टग्रेसच्या मेजर अपग्रेडमध्ये जुनी एक्स्टेन्शन (डेटाबेसला जोडलेले जादा भाग) आणि उरलेले रेप्लिकेशन स्लॉट (प्रतीकडे बदल पाठवण्यासाठी ठेवलेल्या जागा) अडवतात, ते तालमीत कळलेलं चांगलं.

मल्टी-एझेड असेल तर स्टेजिंगवर "रीबूट विथ फेलओव्हर" करा, खोटा लोड चालू ठेवून, आणि ॲप किती सेकंदांत सावरतं ते बघा. आमचं पहिल्यांदा सावरलंच नाही, दुसऱ्यांदा चार मिनिटं लागली, तिसऱ्यांदा दीड मिनिट.

पायरी ७: लोकांना सांगा

तीन दिवस आधी आणि त्या दिवशी सकाळी, असं दोनदा. मेसेज वापरणाऱ्याच्या भाषेत हवा, "शेड्यूल्ड डेटाबेस मेंटेनन्स" लिहून सचिवांना काय कळणार. आमचा असा असतो:

"नमस्कार. येत्या बुधवारी दुपारी १:३० ते २:३० या वेळेत संगणकावर नवीन नोंद, पावती आणि बिल निघणार नाही. सकाळच्या आणि संध्याकाळच्या संकलनावर काही परिणाम नाही. या वेळेत दूध आलंच तर वहीत लिहून ठेवा आणि अडीचनंतर भरा. काम झालं की याच ग्रुपवर कळवू."

तालमीत २० मिनिटं लागली असतील तर तासभर सांगा.

पायरी ८: त्या दिवशी

दोघं जण बसा, एकाने हात चालवायचे, दुसऱ्याने यादी वाचायची आणि वेळ लिहायची. आधी बॅच जॉब थांबवा. मग चालू असलेल्या लांब ट्रान्झॅक्शन बघा, तासभर उघडी पडलेली एखादी ट्रान्झॅक्शन बंद होण्याला उशीर लावते. मग ॲपवर "काम चालू आहे" असं पान लावा. मग स्वतः स्नॅपशॉट घ्या. बॅकअप चालू असेल तर आरडीएस अपग्रेडआधी स्वतःही घेतं, पण आपला आपल्या नावाने असलेला बरा, आणि थोडा आधी घेतला तर पुढचा स्नॅपशॉट लवकर होतो कारण फक्त बदललेलाच भाग जातो. मग काम सुरू.

परतीचा रस्ता आधीच ठरलेला हवा. इंजिन एकदा अपग्रेड झालं की तिथल्या तिथे मागे घेता येत नाही. स्नॅपशॉटमधून नवीन डेटाबेस उभा करावा लागतो, त्याचा एंडपॉइंट वेगळा असतो, सिक्युरिटी ग्रुप आणि पॅरामीटर ग्रुप तुम्ही स्वतः निवडून द्यायचे असतात, नाहीतर डेटाबेस उभा आहे पण ॲपला दिसत नाही अशी अवस्था होते. याला किती वेळ लागतो तेही तालमीत मोजा आणि "२:१० पर्यंत झालं नाही तर मागे फिरायचं" अशी वेळ आधीच लिहून ठेवा, कारण त्या क्षणी "अजून पाच मिनिटं बघू" असं प्रत्येकाला वाटतं.

पोस्टग्रेसचं मेजर अपग्रेड झाल्यावर ॲनलाइझ (टेबलांची आकडेवारी गोळा करणारी कमांड) चालवायला विसरू नका. व्हर्जन १७ पर्यंत अपग्रेडमध्ये टेबलांची आकडेवारी पुढे येत नाही, क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा प्लॅनर आंधळा होतो आणि कालपर्यंत पळणारी क्वेरी रांगायला लागते. ॲनलाइझ होऊ द्या, मग पान काढा. एक्स्टेन्शनही वेगळी अपडेट करावी लागतात.

पायरी ९: नंतर

मेमरीतला कॅश रिकामा झालेला असतो, त्यामुळे पहिला थोडा वेळ सगळं जड वाटतं. सगळ्यात जास्त वापरातल्या टेबलांवरून एकदा क्वेरी फिरवून घ्या. थांबवलेले बॅच जॉब परत चालू केले का ते बघा, आम्ही एकदा विसरलो आणि तीन दिवस रिपोर्ट गेले नाहीत. ग्रुपवर कळवा.

मग वहीत लिहा: सुरू कधी, संपलं कधी, तालमीपेक्षा किती फरक, काय अडलं. आणि त्याच पानावर पुढची तारीख. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मेजर व्हर्जनला साधारण ५ वर्षं सपोर्ट असतो, व्हर्जन १४ चा नोव्हेंबर २०२६ ला संपतो. मुदत उलटल्यावर आरडीएसवर एक्स्टेंडेड सपोर्टचे वेगळे पैसे लागतात, पोस्टग्रेस ११ आणि मायएसक्यूएल ५.७ वाल्यांना २०२४ मध्ये ते लागले. त्यामुळे सहा महिने आधीचं स्मरण कॅलेंडरमध्ये टाका.

त्या बुधवारी मात्र आम्ही घरी लवकर जात नाही. संध्याकाळी पाचला संकलन सुरू होतं, पहिल्या केंद्राची पहिली नोंद पडते, लिटर, फॅट, दर, रक्कम सगळं बरोबर आलंय ते दोघं बघतो, पावती छापली का ते सचिवांना फोन करून विचारतो, आणि सहा-साडेसहाला गर्दीचा ग्राफ नेहमीसारखा चढलेला दिसला की मग लॅपटॉप बंद.